'ग्रेप्स ऑफ रॉथ' गाईडमधून नको, पुस्तकातून शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे इंग्रजीच्या पोरांना अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची 'ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी कशी शिकवतात यावर लिहायचं होतं. मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता रिटायर आहे, पण ओळखीतली पोरं-पोरी परीक्षेच्या आधी घरी येतात आणि त्यांच्या हातात पुस्तक नसतंच, असतात त्या नागपूरच्या बर्डी बाजारातून झेरॉक्स करून आणलेल्या नोट्स नाहीतर व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ. त्यात काय, तर लेखक १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासला जन्मला, कादंबरी १९३९ ची, १९४० ला पुलित्झर, १९६२ ला नोबेल, मग थीम्स, मग नायक टॉम जोडचं कॅरेक्टर स्केच, झालं. पोरं पास होतात. पण टॉमचं हे जोड कुटुंब ओक्लाहोमातलं घरदार सोडून कॅलिफोर्नियाला निघालंच काहून, हे विचारलं की गप्प.

माझं म्हणणं असं की नागपुरात ही कादंबरी शिकवायची तर पंचविसाव्या प्रकरणापासून सुरुवात करा आणि ते वर्गात मोठ्यानं वाचा. छोटं प्रकरण आहे, जोड कुटुंबातलं कोणी त्यात येतही नाही. कॅलिफोर्नियात बागा फुलल्यात, जाणकार लोकांनी कलमं करून, कीड-रोग आवरून फळ सुधारलंय, माल असा लदबदून आलाय, आणि मग भाव कोसळतो. तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून फळं झाडाखालीच सडतात. संत्र्यांचे ढीग ओतून देतात आणि गरिबांनी उचलून नेऊ नये म्हणून वरून रॉकेल मारतात, बटाटे नदीत फेकतात आणि कोणी काढू नये म्हणून काठावर पहारेकरी उभे करतात. त्याच वेळी पोरं पेलाग्रानं, म्हणजे निकस खाण्यानं होणाऱ्या रोगानं, मरताहेत आणि कागदावर लिहिलं जातंय, कुपोषणानं मृत्यू.

आता सांगा, काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यातल्या पोराला याच्यात परकं काय वाटणार आहे? संत्री रस्त्यावर ओतल्याचे फोटो तुमच्याच पेपरात येतात.

मी हे वाचत होते तेव्हा नरखेडकडचा एक पोरगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, रॉकेल मारलं कोणी, बागवाल्यानं का व्यापाऱ्यानं?" इतका नेमका प्रश्न मला कुठल्या गाईडमध्ये दिसलेला नाही. त्याच्यासाठी आम्ही मागं एकविसाव्या प्रकरणात गेलो. तिथं स्टाइनबेक सरळ सांगतो, मोठा बागमालक फळं डबाबंद करायचा कारखाना विकत घेतो, ऐन हंगामात फळाचा भाव खर्चाच्याही खाली पाडतो, स्वतःचं नुकसान डब्यांच्या नफ्यात भरून काढतो आणि छोटा शेतकरी मात्र कर्जात जाऊन जमीन घालवून बसतो. मग तो पोरगा सुटलाच. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या संत्र्याची, बाग झाडावरच कशी विकली जाते, इसार दिला जातो, भाव पडला की व्यापारी इसार सोडून गायब होतो, बारीक माल तर कोणी पाहतच नाही, हे सगळं तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता आणि मी एकदाही थांबवलं नाही. त्या तासाला जेवढी क्रिटिकल अॅप्रिसिएशन झाली तेवढी नोट्स घोकून होत नाही.

अर्थात विदर्भ म्हणजे ओक्लाहोमा असं शिकवून चालणार नाही, तो आळशीपणा होईल. तिथं १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळं होती, जोडसारखे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणारे होते, पाचव्या प्रकरणात ट्रॅक्टर येऊन त्यांची घरं ढकलून देतो आणि ट्रॅक्टर चालवणाराही त्यांच्यातलाच, रोजचे ३ डॉलर मिळतात म्हणून आलेला. बंदूक रोखायची तरी कोणावर, ड्रायव्हरवर, मॅनेजरवर की बँकेवर, हे त्या कुळाला कळेनासं होतं. आपल्याकडे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असतो आणि कर्जाचा बोजाही त्याच्याच नावावर. हा फरक पोरांना काढू द्या, तुम्ही आयता लिहून देऊ नका.

आणखी एक. स्टाइनबेकनं हे घरी बसून रचलं नाही हे पोरांना कळलंच पाहिजे. १९३६ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को न्यूज या पेपरसाठी स्थलांतरित मजुरांवर लेखमाला लिहायला त्यांच्या छावण्यांमध्ये फिरला, तिथं टॉम कॉलिन्स नावाच्या छावणी मॅनेजरनं त्याला सगळं दाखवलं, आणि पुस्तक बायको कॅरल आणि या टॉमला अर्पण केलंय. म्हणजे कादंबरीच्या आधी पेपरातलं लिखाण आहे, हे तुम्हा पत्रकार मंडळींनाही आवडावं. आणि पुस्तक आल्यावर त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीनं शाळा आणि लायब्ररीतून त्याच्यावर बंदी घातली, कारण तिथल्या मोठ्या बागायतदारांना ते झोंबलं.

शेवटाबद्दलही बोलते. जिचं मूल मेलेलंच जन्माला आलंय ती जोडांची मुलगी रोझ ऑफ शेरन एका उपाशी, मरायला टेकलेल्या अनोळखी माणसाला स्वतःचं दूध पाजते. आपल्याकडे बरेच सर-मॅडम संकोचानं हे पान उलटून पुढं जातात. कृपा करून असं करू नका, वीस वर्षांच्या पोरापोरींना हे नीट समजतं, उलट आपणच लाजलो की ते हसतात.

पेपर सेट करणाऱ्यांना विनंती आहे की 'थीम्स लिहा' हा प्रश्न काही वर्षं बाजूला ठेवा, पुस्तकातला एक उतारा द्या आणि त्यावर विचारा, मग नोट्सचा धंदा आपोआप बसेल. आणि कॉलेजच्या लायब्ररीत एका वर्गामागं एकच प्रत, तीही कपाटात कुलपात, असं असेल तर प्राचार्यांनी यंदाच्या खरेदीत निदान दहा-पंधरा प्रती घ्याव्यात.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
मानेवाडा, नागपूर