सूचना : रविवारच्या मौनसभेआधी

सदस्यहो, या रविवारी नवी मंडळी येणार आहेत, म्हणून आपली क्वेकर (मौनात बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) धारणा पुन्हा एकदा. आपल्याकडे पुरोहित नाही. ईश्वराचा अंश प्रत्येकात आहे आणि विवेकाचा आवाज ऐकायचा तर आधी गप्प बसावं लागतं. आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून थोडक्यात बोलावं. त्यावर कुणी लगेच उत्तर देऊ नये. (मागच्या वेळी चर्चासत्रच झालं!)

निर्णय मतदानाने होत नाहीत. एखाद्याचं मन खरोखर मानत नसेल तर विषय पुढच्या सभेत. वेळ जातो, जाऊ दे. क्वेकरांनी १६६० साली जाहीर केलेला युद्धाला नकार आजही कायम. शपथ घेत नाही, कारण एरवीही खरंच बोलायचं असतं.

कुणी बोलत असेल तर उशिरा येणाऱ्यांनी दाराशीच थांबावं. मोबाइल बंद.