कणगी पूर्ण रिकामी करू नकोस

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मिल्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी स्टँडवर होतो. "नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाइली-फोटो ठेवायचा स्वतःचा सर्व्हर, घरीच बसवतोय, ४ टीबीची डिस्क आणलीय, पार्टिशन पाडू का?" एवढं ऐकलं आणि बस लागली. आता सावकाश लिहितो.

नुसतं पार्टिशन नको, एलव्हीएम घाल, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणारी लिनक्सची सोय. तुमच्या वाड्यातली कणगी आठव. पोतं कुठल्या वावरातून आलं ते कणगीत पडल्यावर कोण विचारतंय? इथेही तसंच. 'पीव्हीक्रिएट' ही कमांड दिली की डिस्क झाली पोतं, 'व्हीजीक्रिएट' म्हणजे कणगी आणि 'एलव्हीक्रिएट'ने त्यातून डबे भरायचे. माप एक्स्टेंटचं, म्हणजे जागेच्या ठरावीक तुकड्याचं, आपण काही सांगितलं नाही तर ४ एमबीचं. आणि हो, ४ टीबीच्या जागी ३.६ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस. तो १००० ने मोजतो, लिनक्स १०२४ ने.

आता माझा गाढवपणा ऐक. पहिल्यांदा मी डेटाच्या डब्याला '१००%फ्री', म्हणजे सगळी मोकळी जागा देऊन टाकली, वर फाइल सिस्टिम (डब्यात फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस. दोन महिन्यांनी अपग्रेडआधी स्नॅपशॉट, म्हणजे डेटा त्या क्षणी होता तशी नोंद, घ्यायला गेलो. त्यालाही कणगीत मोकळी जागा लागते, तर 'व्हीजीएस' कमांडमध्ये व्हीफ्रीच्या, म्हणजे शिल्लक जागेच्या खाली शून्य. डबा लहान करावा म्हटलं, तर एक्सएफएस फुगते पण आकसत नाही. शेजाऱ्याची डिस्क उसनी आणली, सगळं तिकडे कॉपी केलं, डबा मोडून पुन्हा केला. आईचे फोटो कॉपी होईपर्यंत पहाटेचे चार वाजले.

म्हणून तू ext4 ही फाइल सिस्टिम घे, ती लहानही करता येते. डेटाला सुरुवातीला १ टीबीच दे. भरत आलं की 'एलव्हीएक्स्टेंड' कमांडला 'उणे आर' (-r) लाव, डबा आणि फाइल सिस्टिम दोन्ही चालू सर्व्हरवरच वाढतात. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलरसुद्धा मोठ्या डिस्कवर रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य डब्याला १०० जीबीच देतो, बाकी मोकळं ठेवतो. तेव्हा मला तो कंजूष वाटला होता.

स्नॅपशॉट घेताना नेक्स्टक्लाउडचा मेंटेनन्स मोड लाव, म्हणजे तेवढ्यात कुणी काही बदलणार नाही, २०-३० जीबी दे, काम झालं की काढून टाक. तो काठोकाठ भरला की निकामी होतो, मूळ डेटाला मात्र धक्का लागत नाही. थिन पूलच्या भानगडीत सध्या पडू नकोस. नसलेली जागा वाटता येते ही गंमत आहे, पण पूल भरला की लिहिणंच अडतं.

पुढे दुसरी डिस्क जोडून डबा दोन्हींवर पसरवलास, तर एक मेली तरी फाइल सिस्टिम गेली समज. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच, आणि ती कणगीत ओतायची नाही.

डिस्क लावलीस की आधी 'एलएसबीएलके'चा, म्हणजे डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडचा फोटो पाठव. त्यातली एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, तेव्हा साइज आणि सिरियल नंबर ताडून बघ. माझं उत्तर येईपर्यंत 'पीव्हीक्रिएट' मारू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
सच्या