सुट्टीच्या दिवशी एकट्या आईने पोरांना न्यायचं कुठे?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांना घेऊन फिरायच्या जागांची यादी आली होती ती वाचली. हरिहर, अंजनेरी, गंगापूर धरण, नांदूर मध्यमेश्वर, एक वायनरी पण होती (वायनरीत पोरांना नेऊन काय करायचं ते यादी करणाऱ्यालाच माहीत), फोटो एकदम भारी, पण वाचून झाल्यावर वाटलं की ही यादी ज्याच्या दारात गाडी आहे आणि गाडी चालवायला घरात नवरा आहे त्याच्यासाठीच आहे. आमच्या नाशिकरोड, देवळाली कॅम्प, गांधीनगर भागात हजारो घरं अशी आहेत जिथे नवरा वर्षातले कितीतरी महिने घरात नसतो. तोफखान्याचं स्कूल इथे, आर्टिलरी सेंटर इथे, हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग इथे, आणि एसएफ क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बायका म्हणजे ज्यांचा माणूस फील्डला आणि त्या पोरांना घेऊन इथे. मी पण त्यातलीच होते, आमचे हे तोफखान्यातून रिटायर झाले आणि मग आम्ही जेलरोडला घर घेतलं, त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

आता विषय जर्मनीवर नेते, हसू नका, संबंध आहे. माझी भाची तिकडे कायझर्सलाउटर्न नावाच्या गावात राहते. जावई आपल्या नाशिकचाच, शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथल्या आर्मीत भरती झाला. परदेशी पोरांना त्यांच्या भाषेमुळे घ्यायची एक स्कीम तेव्हा होती, २००९ ला निघाली आणि २०१६ ला बंद झाली, त्यातून गेला. आणि मग पोस्टिंग आलं जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेची फौज तिथे आहे आणि या गावाच्या आजूबाजूला रामस्टाइनचा एअरबेस, लांडश्टूलचं मिलिटरी हॉस्पिटल असं सगळं धरून अमेरिकेबाहेरची अमेरिकन फौजी लोकांची सगळ्यात मोठी वस्ती आहे म्हणतात. भाचीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी गेले होते, मोठा पोरगा पाच वर्षांचा, जावई पोलंडला गेलेला. म्हणजे परिस्थिती अगदी आपल्या एसएफ क्वार्टरची, फक्त थंडी जास्त.

तिने मला सांगितलं की सुरवातीला ती बेसच्या कुंपणाच्या बाहेर पडायचीच नाही. आत सगळंच मिळतं हो, त्यांच्या कॅन्टीनपुढे आपली सीएसडी म्हणजे टपरी, मोठा मॉल, पिक्चर, बोलिंग, बर्गर, डॉलर चालतो, इंग्लिश चालतं, मग बाहेर जायचं कशाला. बाहेर गाडी चालवायची तर त्यांच्या फौजेचं वेगळं लायसन, त्याची परीक्षा. त्यामुळे कितीतरी बायका दोन तीन वर्षं जर्मनीत काढतात आणि पाहिलेलं काय तर बेस, आणि नवरा सुट्टीवर आला की एक मोठी ट्रिप. त्यांच्यासाठी गार्मिशला आल्प्सच्या पायथ्याशी फौजेचंच रिसॉर्ट आहे, नाहीतर लेगोलँड, नाहीतर युरोपा पार्क असले पाळण्यांचे मोठे पार्क. खर्च भरपूर, दिवसभर रांगा, रात्री सगळे थकून चिडलेले.

या मोठ्या ट्रिपबद्दल मला थोडं बोलायचंय कारण हे आपल्याकडे पण सेम असतं. माणूस महिनोन्महिने बाहेर राहून आलेला, त्याला गर्दी नको असते, पोरांना त्याची सवय राहिलेली नसते, शू लागली तरी आईलाच सांगणार, आईस्क्रीम हवं तरी आईलाच विचारणार, बाबा शेजारी पाकीट घेऊन उभा. मग तो उगाच जोरात बोलतो, मग पोरगं रडतं, आणि फोटोत सगळे हसतायत. माझ्या घरात हे झालंय, माझ्या शेजारणींच्या घरात झालंय. भाचीने यावर बरी युक्ती काढली, नवरा आला की आधी त्याला त्याच जागी न्यायचं जिथे पोरगा आईबरोबर नेहमी जातो. मग पोरगा बाबाला दाखवतो की इथून चढायचं, इथे लांडगा नाही फक्त रानडुक्कर आहे, हा बाक आपला आहे. पोरगा मालक आणि बाबा पाहुणा. फरक पडतो हो.

पण त्यासाठी आधी आईला एकटीने जाता येईल अशी जागा पाहिजे, आणि मी तिथे जे पाहिलं ते हेच. मला बेसच्या आत न्यायचं म्हणजे गेटवर सोपस्कार, म्हणून आम्ही बाहेरच फिरायचो. गावाला लागूनच बेट्झेनबर्ग टेकडीवर एक वाइल्डपार्क आहे, तिकीट नाही, रानगवे, हरणं, रानडुकरं, मोठ्या कुंपणातले प्राणी आणि जंगलातला सपाट रस्ता ज्यावर बाबागाडी आरामात जाते. अजून एक गार्डनशाऊ म्हणून बाग आहे, २००० साली तिथे फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं त्याचीच पुढे बाग केली, त्यात खऱ्या मापाचे डायनोसॉर उभे केलेत, तिकीट आहे पण पोरगा सकाळी गेला की संध्याकाळीच बाहेर. आणि गावाच्या भोवती फाल्झचं जंगल, नजर पोचेल तिथपर्यंत झाडं. ऑक्टोबरमध्ये पोरं पिशव्या घेऊन खाली पडलेले चेस्टनट वेचतात, काटेरी साल बुटाने दाबून फोडायची, खर्च शून्य. जंगलात चालत गेलं की मध्येच डोंगर भटकणाऱ्यांच्या मंडळांच्या झोपड्या लागतात, तिथे आपणच काउंटरवर जाऊन ब्रेड, चीज, सॉसेज, द्राक्षाचा रस आणायचा आणि लांब बाकड्यांवर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं. मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, शेजारच्या जर्मन आजीने एक मागून खाल्ली आणि नंतर पाणी पाणी केलं.

हे सगळं बसने. बस थांबली की फुटपाथच्या बाजूला जरा खाली बसते, मधल्या दारातून बाबागाडी आत, तिच्यासाठी जागा राखीव, दोन माणसं सरकून देतात. सहा वर्षांखालचं पोर बसला आणि ट्रेनला फुकट. आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी एक महिन्याचा पास काढला, तेव्हा ४९ युरो होता आता वाढलाय, पण त्यात देशभरातल्या सगळ्या सिटी बस, ट्राम आणि लोकल ट्रेन येतात. त्या पासवर आम्ही श्पायरला गेलो, मध्ये एकदा गाडी बदलून. तिथल्या म्युझियममध्ये अख्खं जम्बो जेट उंच खांबांवर चढवून ठेवलंय, जिन्याने वर जायचं, विमानाच्या पंखावर चालायचं आणि घसरगुंडीवरून खाली. रशियाचं बुरान अवकाशयान पण आहे, २००८ ला ऱ्हाईन नदीतून जहाजावर आणलेलं. विमानाच्या आत फिरायला मिळालं म्हणून पाच वर्षांचं पोरगं रात्री झोपलंच नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. ट्रेन लेट होतात, भरपूर होतात. बारक्या स्टेशनांवर लिफ्ट नसते, बाबागाडी दोघींनी धरून उतरवली. हायवेवरच्या टॉयलेटला एक युरो (लहान पोरांना मात्र बाजूच्या बुटक्या गेटमधून फुकट सोडतात), हॉटेलात पाण्याचे पण पैसे, रविवारी दुकानं बंद त्यामुळे शनिवारीच दूध आणून ठेवायचं, आणि दुपारी पोरांनी जोरात ओरडलं तर वरच्या मजल्यावरून कोणीतरी बघतंच. नोव्हेंबरमध्ये पाच वाजता अंधार. पण त्या अंधाराचाच त्यांनी सण केलाय, ११ नोव्हेंबरच्या आसपास सेंट मार्टिनची कंदील मिरवणूक असते, बालवाडीत पोरं कागदाचे कंदील करतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला स्वार, मागे पोरं गाणी म्हणत, शेवटी शेकोटी आणि गोड पाव. आपल्या आकाशकंदिलांचे दिवस पण तेच, भाचीने घरचाच एक आकाशकंदील काठीला बांधून दिला पोराला, सगळ्यात मोठा तोच दिसत होता. संध्याकाळी सुरू होतं आणि जेवायच्या वेळेला आपण घरी, एकट्या आईला अजून काय पाहिजे.

आणि खेळाची मैदानं. दर दोन चार गल्ल्या सोडून एक, खाली वाळू, बाजूने कुंपण, आईला बसायला बाक, किती वयाच्या पोरांसाठी आहे त्याची पाटी. झोपाळ्याची साखळी, घसरगुंडीचे नटबोल्ट हे तपासायचे नियम ठरलेले आहेत आणि वर्षातून एकदा जाणकार माणसाकडून पूर्ण तपासणी करून घेतात. मला ही गोष्ट विमानापेक्षा मोठी वाटली. आपल्याकडे एका बागेत माझ्या नातीने घसरगुंडीच्या तुटक्या पत्र्याने मांडी कापून घेतली आणि तिथल्या वॉचमनने सांगितलं की मॅडम त्यावर बसायचंच नाही ना.

म्हणजे जर्मनीसारखं करा असं मी म्हणत नाहीये, आपल्याकडे जागा चांगल्याच आहेत. पांडवलेणी घ्या, सातवाहनांच्या काळातले शिलालेख, गौतमी बलश्री राणीने आपल्या पोराचं कौतुक दगडात कोरून ठेवलंय, पोरांना सांगायला यापेक्षा भारी गोष्ट नाही, पायथ्याशी फाळके स्मारक. नाशिकरोडला मुक्तिधाम, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, बाहेरून आलेली फौजी कुटुंबं पहिल्या आठवड्यात तिथेच जातात कारण चालत जाता येतं. भगूर कॅम्पला लागून, सावरकरांचा वाडा. अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहे जे निम्म्या नाशिकला माहीत नाही. नांदूर मध्यमेश्वर तर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं, थंडीत तिथे पक्षी बघायला परदेशातून लोक येतात आणि कॅम्पातल्या पोराला जायचं म्हटलं तर भाड्याची गाडीच करावी लागते. मग काय होतं, रविवारी शहराबाहेर एखाद्या मिसळवाल्याकडे जायचं जिथे दोन झोपाळे आणि एक उंट असतो. मिसळीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तिथे पण रिक्षा येताना मिळत नाही.

युनिटकडून कधीमधी लिबर्टी गाडी मिळते, सगळ्या बायका पोरं भरून एकत्र जातात आणि एकत्र येतात, मजा येते, पण त्यात सिव्हिलमधलं कोणी भेटत नाही. राजस्थानची, केरळची, आसामची बाई अडीच वर्षं नाशकात राहून जाते आणि नाशिकची एकही मैत्रीण होत नाही, पोराला मराठीतली एक शिवी तेवढी येते. २०२३ मध्ये ईदगाह मैदानावर फौजेने तोफांचं प्रदर्शन ठेवलं होतं, तेव्हा शहरातली माणसं किती उत्साहाने आली होती, म्हणजे आपल्याला त्यांच्याकडे जायची हौस आहे, मग त्यांना आपल्याकडे आणायची सोय का नको?

मला मोठ्या प्रोजेक्टची अपेक्षाच नाही, सिंहस्थाच्या कामांमध्ये आमचं कोण ऐकणार. रविवारी आणि शाळेच्या सुट्ट्यांत कॅम्प आणि गांधीनगरहून पांडवलेणीला थेट बस, थंडीच्या दिवसांत सकाळी एक नांदूर मध्यमेश्वरला आणि दुपारी परत. प्रत्येक बागेत चालू असलेलं, आतून कडी लागणारं टॉयलेट आणि त्यात बाळाचं बदलायला एक फळी. झोपाळे घसरगुंड्या वर्षातून एकदा कोणीतरी तपासून तारीख लिहून जावी. एवढंच.

आणि तुमच्याकडून एक. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक जागेखाली चार ओळी टाका की बस कुठून आणि शेवटची बस किती वाजता, टॉयलेट आहे का, पायऱ्या किती आणि बाबागाडी जाते का, प्यायचं पाणी मिळतं का. तुमच्या वार्ताहराला गाडी न देता दोन पोरं बरोबर देऊन पाठवा, ओळी आपोआप भरतील. पोरं कमी पडत असतील तर आमच्या बिल्डिंगमध्ये भरपूर आहेत, मी पाठवते.

आपली नम्र,
एका निवृत्त फौजीची बायको,
जेलरोड, नाशिकरोड