तुमच्या ‘ब्याड’बद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव घालून चारचौघांत आभार मानायचे, असं ठरवलं होतं. फोन करून विचारलं तर तुम्ही नेहमीसारखंच म्हणालात, “ब्याड, ब्याड. नाव कशाला?” म्हणून नाव गाळून लिहितेय. निपाणी भागातल्या शेतकऱ्यांनी वाचलं तर ते ओळखतीलच. रिटायर झाल्यावरही स्कूटरला मीटर आणि वायरीची रिळं बांधून जमिनीखालचं पाणी शोधत रानोरान फिरणारा धारवाडकडचा माणूस असा कितीजणांना माहीत असणार?

ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते, ब्याड म्हणजे ‘नको’. मला पीएचडीला जागा मिळाली, त्यात तुमच्या ‘हो’चा वाटा थोडा आहे. ‘ब्याड’चा फार मोठा.

पहिलं ब्याड आप्पांना होतं. मी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. आमच्या रानात पाणाड्या येऊन गेला होता, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता आणि त्या नारळाच्या भरवशावर दोन बोअर मारून झाल्या होत्या. एक ३५० फूट, दुसरी ४२० फूट. दोन्हींतून निव्वळ राखाडी धूळ. दुसऱ्या बोअरची गाडी निघून गेल्यावर आई अंगणातली तुळस धूत बसली होती, ते मला अजून दिसतं. पानापानावर दगडाचं पीठ. तरी आप्पा तिसऱ्या बोअरसाठी सोसायटीचं कर्ज काढायच्या तयारीत होते. मामांनी कुठून तरी तुमचा नंबर आणला.

तुम्ही चार लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि मला म्हणालात, “पोरी, ही केबल धर.” बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्यात तितकी आणखी खोलवरची खबर मिळते. मी दुपारभर केबल घेऊन ऊसाच्या सरीतून पळत होते. संध्याकाळी तुम्ही आप्पांना सांगितलंत, की वरचा मुरूम संपला की खाली अखंड काळा कातळ आहे. आपल्याकडचा हा दगड म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. पाणी असलंच तर दोन थरांच्या सांध्यात, भेगाळलेल्या किंवा झिजलेल्या खडकात, आणि इथं तसं काही लागत नाही. “इथं ब्याड. मारू नका.”

आप्पा भडकले होते. ‘नाही’ ऐकायचे पैसे कोण देतं? तुम्ही निम्मेच घेतलेत आणि जाता जाता म्हणालात, ओढ्याकाठची जुनी विहीर गाळ काढून दोन परस खाली न्या. ती विहीर आता शिमग्यापर्यंत पाणी देते. आप्पा हे कुणापुढं कबूल करत नाहीत, पण विहिरीवरचा पहिला नारळ दर वर्षी तुमच्या नावानं फुटतो.

मी तुम्हाला विचारलं होतं, आकड्यावरून कातळ कसा कळतो? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. वहीतले त्या दिवशीचे आकडे आणि आलेखाचा एक लॉग-लॉग कागद दिलात आणि मांडून बघ म्हणालात. मी चुकीचं मांडलं. दुसऱ्यांदाही चुकीचं मांडलं. तिसऱ्यांदा रेघ वर चढत गेली आणि चढतच राहिली, म्हणजे खाली सलग कातळ. आमच्या पायाखाली काय आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या कागदावर.

बीएस्सीला भूविज्ञान घेतलं, सोबत भौतिकशास्त्र आणि गणित. हे तुमच्याच सांगण्यावरून. तेव्हा कळलं नव्हतं, नंतर अर्ज भरताना कळलं. एमएस्सी भूविज्ञानाच्या बऱ्याच ठिकाणी पदवीला भूविज्ञान असावं लागतं, भूभौतिकीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. तिन्ही विषय असले की दोन्ही दारं उघडी राहतात. माझ्या वर्गातल्या दोघीजणींना हे शेवटच्या वर्षाला समजलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि गोकाक. ते मी कधी विसरणार नाही. धबधबा मी आधी दोनदा पाहिलेला होता, म्हणजे फोटो काढून करदंट घेऊन परत. तुम्ही सकाळी सातच्या बसनं नेलंत, हातात भिंग दिलंत आणि पाण्याकडं पाठ करून उभं केलंत. “दगड बघ. पाणी पळून जात नाही.” भिंगातून वाळूचे कण दिसले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. निपाणीचा काळा दगड नव्हताच हा. लाव्हा आला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. हा कलादगीचा वाळूचा दगड त्याच्या कित्येक पट जुना, कुठल्यातरी जुन्या पाण्याच्या तळाशी साचलेला. लाव्हानं त्याला पश्चिमेकडं झाकून टाकलं, इकडं तो उघडा आहे. घटप्रभा त्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते. आमचं गाव त्या झाकणावर बसलंय, असं तुम्ही म्हणालात, आणि येताना बसमध्ये मला हुक्केरीपासून पुढं प्रत्येक विहिरीच्या काठचे दगड दिसायला लागले.

त्या दिवशी चार तास मी थरांचा कल आणि दिशा मोजत होते. परतताना तुम्ही विचारलंत, “कंटाळा कशाचा आला?” आवडलं काय, असं सगळे विचारतात. कंटाळा कशाचा आला, हे आजवर दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही. मी खरं सांगितलं: कल मोजायचा आला. पण पावसाचं पाणी या सांध्यातून आत शिरलं तर निघेल कुठं, हा विचार करताना वेळ कळला नाही. “मग स्ट्रक्चर, म्हणजे थरांची रचना, ब्याड. पाणी धर.” एका वाक्यात माझा विषय ठरला. भूविज्ञान म्हटलं की लोकांना हातोडा दिसतो. पण त्यात कुणी आयुष्यभर प्रयोगशाळेत खडकाचं पीठ करून त्यातली मूलद्रव्यं मोजतं, कुणी १९६७ च्या कोयनेसारख्या भूकंपाच्या नोंदी संगणकावर चाळत बसतं, कुणी उपग्रहाच्या चित्रांत जमीन खचलेली शोधतं. रोजचं काम कुठलं झेपेल आणि कुठलं नाही, हे विषयाच्या नावावरून कळत नाही.

आता जॅमबद्दल, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेबद्दल. परीक्षेपेक्षा कागदांनीच मला जास्त दमवलं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्सकार्डावर माझं आडनाव एक, आधारवर दुसरं. कानडीतून इंग्रजीत जाताना एक ‘एच’ वाढला होता. त्या एका अक्षरासाठी नोटरी, प्रतिज्ञापत्र आणि बेळगावच्या चार फेऱ्या. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आणला तो राज्याच्या नमुन्यातला, आणि लागत होता केंद्राच्या नमुन्यातला, त्याच आर्थिक वर्षातला. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. परीक्षेत ६० प्रश्न, १०० गुण. पर्यायातून एक उत्तर निवडायचं असतं तिथं चूक झाली की गुण कापतात. आकडा लिहायच्या प्रश्नांना कापत नाहीत. “तिथं मात्र कोरं सोडणं ब्याड,” हे तुमचं वाक्य मी हॉलमध्ये पुटपुटले तेव्हा पर्यवेक्षकानं माझ्याकडं वळून बघितलं.

निकाल लागला आणि पहिल्याच फेरीत एका फार मोठ्या नावाच्या संस्थेत जागा मिळाली. गावात वेशीवर डिजिटल फलक लागला. माझा फोटो, संस्थेचं नाव, खाली शुभेच्छुक म्हणून सोळा मुंडकी. मी तुम्हाला पेढे द्यायला आले. तुम्ही पेढा खाल्लात आणि अभ्यासक्रमाची यादी मागितलीत. दोन्ही वर्षांची पानं उलटून म्हणालात, “यात पाणी कुठाय?” नव्हतं. भूजलाचा एक पेपर होता, तोही ऐच्छिक. मग म्हणालात, तिथल्या दोन सीनियरना फोन कर आणि विचार, की फील्डला किती दिवस नेतात, प्रबंधाची मोजमापं स्वतः घेतात की जुनी कुणाची तरी वापरतात, आणि यादीतली यंत्रं चालू आहेत काय. मी फोन केले. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडून नुसतं हसू ऐकू आलं.

“फलक तुझा नव्हे, गावाचा,” असं तुम्ही म्हणालात. मी इतकी चिडले की आठ दिवस तुमचा फोन घेतला नाही. रागारागात जागाच सोडायला निघाले होते. पोर्टलवर तीन पर्याय असतात: जागा पक्की करा, जागा घेऊन वरच्या पसंतीची वाट बघा, किंवा नाकारून बाहेर पडा. तिसरा दाबला की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. माझं बोट त्यावरच होतं. तुम्ही आप्पांच्या फोनवर फोन केलात आणि फक्त म्हणालात, “तिला सांगा, बाहेर पडणं ब्याड, वाट बघणं बरं.” पुढच्या फेरीत दुसऱ्या संस्थेत जागा मिळाली. गावातल्या कुणाला तिचं नाव नीट घेता येत नाही. तिथं मी दोन उन्हाळे विहिरींचं पाणी मोजत काढले. मोठ्या नावाचा उपयोग नसतो असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या मुलाखतीला होतो, हे मी मैत्रिणींच्या बाबतीत बघितलंय. पण मला नोकरीच्या आधी एक प्रश्न सोडवायचा होता.

सर, खरं सांगू? सगळ्यात लागलं ते शिफारसपत्राचं ब्याड. पीएचडीच्या अर्जांना तीन पत्रं लागत होती. पहिलं तुमचंच, हे मी गृहीत धरलं होतं. तुम्ही म्हणालात, “हा पत्र मी देत नाही.” (तुमच्या मराठीत पत्र अजून पुल्लिंगी आहे, ते तसंच राहू दे.) मला रडू आलं. मग तुम्ही समजावलंत: मी तुला ओळखतो, पण मी तुझं काम तपासलेलं नाही. मी लिहिणार, पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे. असलं हजारांच्या पत्रात असतं. ज्या मॅडमनी तुझ्या प्रबंधाचा मसुदा चार वेळा परत केला, त्यांच्याकडं जा. तू कुठं चुकलीस आणि ते कसं दुरुस्त केलंस, हे त्याच लिहू शकतात. मी मॅडमना भीतभीत विचारलं. मुलाखतीत समितीनं मला त्या चुकीबद्दलच विचारलं, म्हणजे मॅडमनी ती खरोखरच लिहिली होती.

अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा पहिला मसुदा तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला दगडांची आवड होती. तुमचं उत्तर एका ओळीचं: “खोटं. तुला दगडाचा राग होता.” बरोबर होतं. मग मी धुळीपासून सुरुवात केली. आमच्या कोरड्या बोअरपासून साठ फुटांवर शेजाऱ्याची बोअर आहे, तिला पाणी आहे. दगड तोच, पाऊस तोच. त्या साठ फुटांत काय बदलतं? हा माझा प्रश्न. उरलेल्या दोन पानांत फक्त तो कसा सोडवायचा, माझ्याकडं त्यासाठी काय आहे आणि काय शिकायचंय एवढंच ठेवलं.

परदेशातल्या प्राध्यापकांना मी आधी एकच मेल चौदा जणांना धाडला होता. एकाचंही उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, त्यांचे दोन-दोन शोधनिबंध वाचल्याशिवाय एक ओळ लिहिणं ब्याड. वाचायला महिना गेला आणि मेल तीनच झाले. दोघांनी उत्तर दिलं. एकानं लिहिलं, यंदा माझ्याकडं विद्यार्थ्यासाठी पैसे नाहीत. मी हिरमुसले, तुम्ही खूश! “अर्जाची फी वाचली की.” त्या फीचे सात-आठ हजार रुपये होतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. जीआरई या परदेशी प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या क्लासचंही तसंच. भूविज्ञानाच्या अनेक विभागांनी ती परीक्षा मागणं सोडलंय, ते तुम्ही विभागांची पानं वाचायला लावलीत म्हणून कळलं. दुसऱ्यानं अर्ज कर म्हटलं, मी केला, जागा मिळाली नाही. त्याचं आता फार वाटत नाही.

आणि पैशाचं. आप्पांना वाटत होतं पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षांचा खर्च. तुम्ही आमच्या सोप्यात बसून त्यांना सांगितलंत, ज्या पीएचडीला घरचे पैसे घालावे लागतात ती पोरीनं घेणं ब्याड. नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली की दरमहा ३७,००० रुपये मिळतात. आप्पांनी दोनदा विचारलं, “शिकायला? तेच देतात?” नंतर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

मुलाखतीत एकदा ‘माहीत नाही’ म्हणाले. एकदा रेझिस्टिव्हिटीबद्दल, म्हणजे जमीन करंटला किती अडवते त्याबद्दल विचारलं, तर केबल घेऊन ऊसात पळाल्याचं सांगितलं. समितीतले एक सर हसले. गेल्या सोमवारी पत्र आलं. विषय आहे लाव्हाच्या थरांमधलं भूजल.

एक काम आहे. शेजारच्या अण्णांनी वरच्या रानात बोअर मारायचं काढलंय. पाणाड्या येऊन गेला, नारळ उभा राहिलाय म्हणे. दसऱ्याला मी गावी येतेय, तेव्हा तुम्हीही मीटर घेऊन याल काय? आप्पांनी निरोप दिलाय, या वेळी पैसे पूर्ण देणार, तुम्ही काहीही सांगा. केबल धरायला अण्णांची धाकटी आहे, आठवीतली, पळायला चपळ आहे. मीटर मी वाचते.

तुमची,
केबलवाली पोरगी