गिझरचा शॉक म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’ नव्हे

महोदय,

गिझरचा शॉक बसून कुणी दगावले की बातमीत कारण ठरलेले असते : ‘शॉर्ट सर्किट’. शॉर्ट सर्किट झाले तर एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच) पापणी लवायच्या आत पडतो. न्हाणीघरात जीव जातो तो विजेच्या गळतीने, आणि ती एमसीबीला कळतच नाही. चुकीच्या शब्दामुळे वाचक ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ म्हणून निश्चिंत राहतो.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा एमसीबी. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर अंगातून २३० मिलिअँपिअर जातील. जीव घ्यायला ते भरपूर झाले, पण एमसीबीच्या आकड्याचा तो जेमतेम सत्तरावा हिस्सा. एमसीबी वायर वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून (वीज आणणारी तार) गेलेला आणि न्यूट्रलने (परतीची तार) परतलेला प्रवाह तो ताडून पाहतो आणि तफावत दिसताच दोन्ही तारा तोडतो.

गळतीचे मूळ बहुधा एलिमेंटमध्ये असते. धातूची नळी, आत तापणारी तार, दोहोंमध्ये ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. नळीवर क्षारांचा थर चढला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, नळी वाजवीपेक्षा जास्त तापते आणि केसाएवढी चीर पडते. भुकटी ओली होते, टाकीच्या धातूत वीज उतरते. पाणी मात्र रोजच्यासारखे तापत राहते, त्यामुळे संशय कुणालाच येत नाही.

अशा वेळी गळालेली वीज जमिनीत नेणारे अर्थिंग कामी यायला हवे. अनेक सॉकेटांत अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटच्या आतच वायरचा तुकडा टाकून अर्थिंगचा पॉइंट न्यूट्रलला जोडणे. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर फेज एलिमेंटमधून फिरून थेट टाकीवर येतो. गिझरमध्ये काडीचाही दोष नसताना.

हा जुगाड ओळखता येतो, पण हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. आधी आरसीसीबीचे ‘टी’ बटण दाबून तो पडतो का पाहावे. मग तो चालू करून, सॉकेटच्या फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब लावावा. अर्थिंग खरे असेल तर सुमारे ०.४ अँपिअर जमिनीकडे जायला निघतात आणि आरसीसीबी तत्क्षणी पडतो. बल्ब झगझगीत पेटला आणि आरसीसीबी ढिम्म, तर ते अर्थिंग नाही, न्यूट्रल आहे. बल्ब पेटलाही नाही आणि आरसीसीबी पडलाही नाही, तर मागे काहीच नाही. नुसत्या ‘टी’ बटणावर विसंबू नये. अर्थिंग नसले तरी ते आरसीसीबी पाडतेच. यंत्रणा अडकून राहू नये म्हणून महिन्यातून एकदा ते दाबावे, एवढाच त्याचा उपयोग.

बरेच महिने बंद असलेला गिझर लावताच आरसीसीबी पडतो, ही नेहमीची तक्रार. भुकटीने दमट हवेतली ओल धरलेली असते. एलिमेंट मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) तपासून घ्यावे, सुकवूनही रोध वाढत नसेल तर बदलावे. ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबीच बायपास करून देणारे महाभाग आहेत. त्यांना घरात घेऊ नये.

प्लग काळवंडला असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर पिनेची पकड सैल झाली आहे. तिथे अर्धा ओहम रोध आला तरी ३८ वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे छोटी सोल्डरिंग आयर्नच सॉकेटमध्ये खोचलेली. सॉकेट १६ अँपिअरचे आणि वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही.

स्विच डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यावा. सिंगल पोल एकच तार तोडतो. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद, लाल दिवा बंद, आणि एलिमेंटवर फेज जिवंत. पाणी तापवून, डबल पोल बंद करून मगच अंघोळीला जावे. टाकीतले पाणी तेवढ्यात निवत नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर आपल्या बातमीदारांनी एवढे जरूर विचारावे : आरसीसीबी होता का, आणि सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर होती का?

– एक वायरमन वाचक