वेपच्या बॅटरीबद्दल पण छापा की कधीतरी

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात ई-सिगारेटची, म्हणजे वेपची, बातमी येते ती एकतर धाडीची नाहीतर व्यसनाची, दोन्ही बरोबरच आहेत, पण माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान कॉलेजच्या रस्त्यावर आहे आणि मला जे दिसतं त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. पोरं येतात, खिशातनं हळूच ते वेपचं पेन काढतात, "दादा चार्जच होत नाहीये, बघ ना जरा". मी नाही म्हणतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "बरं मग सोल्डरिंग गन तरी देतोस का तासभर?"

२०१९ च्या कायद्याने याची विक्री, आयात, साठवण सगळं बंद, विक्री-आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे ना बिल, ना वॉरंटी, ना सर्व्हिस सेंटर, आणि आमच्यासारखा माणूस तो माल काउंटरवर घ्यायला पण घाबरतो. मग रिपेअरिंग होतं हॉस्टेलच्या खोलीत, व्हिडिओ बघत बघत.

गंमत म्हणजे बऱ्याचदा बॅटरी गेलेलीच नसते. वरचं लिक्विडचं कार्ट्रिज गच्च पिळून लावलं की आतली मधली पिन दबते आणि कॉन्टॅक्ट सुटतो, नाहीतर लिक्विड गळून चिकट थर बसलेला असतो. पण एवढं कोण बघतंय, डायरेक्ट सुरी घालून नळी उघडायची! आत लिथियमचा सेल असतो, पातळ आवरणाचा, सुरीचं टोक लागलं की संपलं. त्यातनं वाचला तर त्याच्यावरच सोल्डरिंगचा डाग देतात. कंपनीत सेलला पत्ती स्पॉट वेल्डिंगने लावतात ते उगाच नाही, क्षणभराचं काम असतं, गन टेकवून बसलं की आतला प्लास्टिकचा पडदा वितळतो आणि प्लस-मायनस आतल्या आत भिडतात.

त्याहून वाईट म्हणजे बूस्ट मारणं, म्हणजे मेलेल्या सेलला बाहेरून जबरदस्तीने करंट देऊन जागं करणं. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून सेल अगदीच तळाला उतरला की आतलं तांबं विरघळायला लागतं, मग चार्ज केला की ते भलतीकडे जाऊन बसतं आणि शॉर्ट व्हायचा धोका कायमचा राहतो. पोराला वाटतं जमलं, कारण ते पेन काही दिवस चालतं पण. आणि ऑनलाइन मिळणारा टीपी ४०५६ चा स्वस्त चार्जिंग बोर्ड, तो जसा येतो तसा एक अ‍ॅम्पिअर सोडतो, इथे सेल कधीकधी अडीचशे-तीनशे एमएएचचा, म्हणजे लहान लेकराला एका बैठकीत पंगतीचं जेवण भरवल्यासारखं. अमेरिकेच्या सरकारी फायर खात्याने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या स्फोटाच्या आणि आगीच्या १९५ घटना जमवल्यात, बऱ्याचशा खिशात, ओढताना नाहीतर चार्जिंगला असताना. ही तर न उघडलेल्या मालाची पण कथा आहे बरं का.

आता माझा खरा मुद्दा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकली आहे. ठीक आहे, पण चोरून आलेल्या मालाचा बनवणारा शोधायचा कुठे? ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायचे वेप बंद केले त्यात कचरा हे मोठं कारण होतं. आपल्याकडे बंदी आधीपासून आहे म्हणून हा कचरा नाहीच असं धरून चाललोय, आणि तो जातोय घंटागाडीत, ओल्या-सुक्याबरोबर दाबला जातोय. आमच्या इकडे ई-कचरा घेणाऱ्यांकडे चौकशी केली तर म्हणाले वस्तूच बेकायदेशीर, ती घ्यायची कशी. म्हणजे पोराने करायचं काय? फेकता येत नाही, देता येत नाही, मग उघडतोच तो.

महापालिकेने ई-कचरा केंद्रावर एक डबा ठेवावा, काय आहे कुठून आणलं न विचारता सेल घ्यावा, बस. आणि तुम्ही एक चौकट छापा: सेल फुगला, गरम झाला, गोडसर वास आला तर चार्जर बंद करून लांब व्हायचं, हातात धरून बघत बसायचं नाही, पेटलाच तर चार्जरची वायर सुटलेली आहे ना ते बघून लांबून भरपूर पाणी मारायचं, कारण नुसती वाळू टाकून तो थंड होत नाही, आणि धूर अजिबात हुंगायचा नाही.

आपला,
एक मोबाईल रिपेअरवाला, नाशिक
(नाव छापू नये, गिऱ्हाईक तुटेल)