रायफलची किंमत नुसत्या भागाकाराने काढू नका

मा. संपादक,

सैन्यासाठी ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीच्या 73,000 सिग 716 रायफलींचा दुसरा करार 837 कोटी रुपयांना झाला, म्हणजे नगाला सुमारे 1 लाख 15 हजार. अमेठीजवळच्या कोरव्यात बनणाऱ्या रशियन बनावटीच्या 6,01,427 एके-203 रायफलींचा करार 5,000 कोटींच्या वर होता. तो भागाकार 85 हजारांच्या आसपास जातो. त्यावरून ‘सिग महाग पडली’ म्हणणे चुकीचे आहे. एके-203 चा परिणामकारक पल्ला 300 मीटर, तर सिगचा 500-600. डोंगरात दरीपलीकडे मारा करायचा तर हा फरक पैशांहून मोठा ठरतो.

खरा खर्च पुढेच आहे. सिगचे 7.62×51 (गोळीचा व्यास × काडतुसाच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) काडतूस साधारण 24 ग्रॅमचे, एके-203 चे 7.62×39 सुमारे 16 ग्रॅमचे. शंभर गोळ्यांमागे पाऊण किलोहून जास्त ओझे जवानाच्या अंगावर वाढते, शिवाय मॅगझिनमध्ये 30 ऐवजी 20 च गोळ्या. लांब पल्ल्याच्या रायफलीला चांगली दुर्बीण नसेल तर त्या पल्ल्याचे पैसे पाण्यात. गोळीची दारू व दाब प्रत्येक खेपेत सारखा नसेल तर नेम विखुरतो, गोळी सुटल्यावर उरलेले रिकामे काडतूस बाहेर फेकले जाताना अडकते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. तिथली प्रत्येक खेप रायफलीच्या बरोबरीने तपासली पाहिजे.

पुढच्या निविदेत दुर्बीण, जादा मॅगझिन, बदली नळ्या, सुटे भाग आणि दहा वर्षांचा दारूगोळा धरूनच नगाचा भाव मागावा.

– एक वाचक, भुसावळ